एक भट्टी, दोन खनिजं : नागपूरच्या लॅबमधल्या नोंदी

१२ जून २०२४
ग्राहकाचा नमुना आला. या गरीब दगडातून लोह वेगळं काढता येतं का, ते पाहायचं. अकरा पोती, पिकअपमधून, वरची ताडपत्री अर्धी उडालेली. गाडीवाल्यानं गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या अलीकडून रात्री निघाल्याचं सांगितलं आणि आधी पाणी मागितलं. हिंगण्याच्या एमआयडीसीत आज सावलीतसुद्धा पत्रा भाजत होता.

दगड ओळखीचाच. पट्टेदार हेमाटाइट क्वार्टझाइट, कामावर सगळे बीएचक्यूच म्हणतात. एक ढेकूळ फोडून धुतलं तर सतरंजीसारखे पट्टे दिसले, एक काळपट करडा लोखंडाचा, एक लालसर पांढरा गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा. कुठे पट्टा बोटभर रुंद, कुठे केसाएवढा. पाहायला देखणा आहे. काम करायला नाही, कारण केसाएवढा पट्टा सुटा करायचा तर दगड केसाहून बारीक दळावा लागतो.

हा दगड आजवर खाणीत बाजूला टाकला जायचा. चांगलं हेमाटाइट, म्हणजे लोखंडाचं मुख्य खनिज, साठ टक्क्यांच्या वर लोहाचं मिळत असताना याच्याकडे कोण बघणार? आता इंडियन ब्युरो ऑफ माइन्सच्या हिशेबात हेमाटाइटसाठी ४५ टक्के आणि असल्या गारगोटीवाल्या हेमाटाइटसाठी ३५ टक्के लोह ही किमान मर्यादा आहे. म्हणजे ३५च्या वर असेल तर तो कायद्यानं कचरा नाही, खनिज आहे. ब्युरोचं मुख्यालय इथून गाडीनं अर्ध्या तासावर, पण कागदावरचं खनिज आणि भट्टीत जाणारं खनिज यांत अंतर बरंच आहे.

लॅबमध्ये मदतीला असलेल्या काकांनी अकराही पोती ओतली. ढीग, चपटा, चार भाग, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन बाजूला, पुन्हा ढीग. सहा वेळा. नवीन ट्रेनी मुलीनं विचारलं, वरच्या पोत्यातलं घेतलं तर चालणार नाही का? काकांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

१५ जून
लोहाचं टायट्रेशन. एक्सआरएफचा, म्हणजे क्ष-किरणांनी मोजलेला आकडा बाहेरून आलाय, ३७.१. माझा ३७.४. मी माझा धरणार, कारण तो माझ्या हातांनी आलाय. शिवाय कामाचं पत्रक डायक्रोमेटवर, म्हणजे याच टायट्रेशनवर ठरलंय.

ट्रेनीला पहिल्यांदा करू दिलं. आम्लात विरघळवलेलं पिवळं द्रावण, त्यात स्टॅनस क्लोराइड थेंब थेंब. पिवळा रंग गेला की एक थेंब जास्त, दोन नाहीत. मग मर्क्युरिक क्लोराइड घातलं की रेशमासारखा पांढरा साका दिसायला हवा. तिनं घाईत पाच-सहा थेंब जास्त टाकले, साका करडा झाला, म्हणजे पारा मोकळा झाला. फेकलं. दुसरंही करडं. तिसरं जमलं आणि जांभळा रंग नेमका फिरला तेव्हा ती हसली. पाऱ्याचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये जातो. तो कॅन भरत आलाय, उचलायला येणाऱ्यांना फोन करायचा राहिलाय.

शुद्ध हेमाटाइटमध्ये लोह ६९.९ टक्के. म्हणजे ३७.४ टक्के लोह म्हणजे साधारण साडेत्रेपन्न टक्के हेमाटाइट, उरलेली जवळजवळ सगळी गार. अ‍ॅल्युमिना नगण्य, फॉस्फरस नगण्य. एका अर्थानं हे खनिज स्वच्छ आहे, त्याला एकच शत्रू आहे. गोव्याच्या खनिजाला तीन-चार होते.

२६ जून
आठवडा दळण्यात गेला. बॉल मिलमध्ये वेगवेगळा वेळ, मग चाळण्या, मग रेझिनमध्ये बसवून मायक्रोस्कोप.

१५० मायक्रॉनला जवळजवळ प्रत्येक कणात दोन्ही रंग. ७५ला बरेच सुटे, पण अजून जोडकण भरपूर. ४५ला समाधानकारक. गार हेमाटाइटपेक्षा कठीण, त्यामुळे वाईट असं होतं की गारेचा कण ४५ला येईपर्यंत हेमाटाइटचा चांगला हिस्सा पीठ होऊन १० मायक्रॉनच्या खाली जातो. त्या पिठाला आम्ही स्लाइम म्हणतो. ते कशालाच धड जुमानत नाही. चुंबक धरत नाही, फेसाला नीट चिकटत नाही, पाण्यातून खाली बसत नाही.

५ जुलै
पहिला पूर्ण फेरा. ओला तीव्र चुंबक, म्हणजे पाण्यात कालवलेला चुरा जोरदार चुंबकावरून नेणं, आणि त्यातून आलेल्या मालावर उलटं फ्लोटेशन, म्हणजे फेसावर कण तरंगवून वेगळे करणं. उलटं अशासाठी की लोखंड वर तरंगवायचं नाही, गार तरंगवायची. मक्याचा स्टार्च हेमाटाइटला खाली धरतो, अमाइन गारेला फेसाबरोबर वर नेतं, सामू दहाच्या आसपास. ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं हेच करतात.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे निवडून निघालेला माल, ६२.१ टक्के लोहाचा. टेलिंग, म्हणजे फेकायचा उरलेला भाग, २१.५. शंभर किलो दगडातून ३९ किलो माल, लोहाची रिकव्हरी ६५ टक्के, म्हणजे दगडातलं तेवढं लोह हाती आलं.

६२ हा आकडा वाईट नाही, २१.५ वाईट आहे. पूर्वी ज्याला खनिज म्हणत नव्हते त्याच्याहून थोडंच गरीब असं काहीतरी आपण पुन्हा फेकतोय, आणि तेही आता पिठाच्या रूपात.

गोव्यात डिचोलीला लहानपणी खनिज धुण्याचा प्लांट पाहिला होता तो आठवला. मोठ्या लॉग वॉशरमध्ये लाल माती घुसळायची, स्क्रू क्लासिफायर आणि सायक्लोनमधून जायची, चिखल तळ्यात, माल बार्जमध्ये. तिथे घाण म्हणजे माती होती, धुऊन निघायची. इथे घाण म्हणजे दगडच आहे.

११ जुलै
दुपारी वीज कडाडली, लाइन गेली, ती रात्रीपर्यंत आली नाही. फ्लोटेशन सेलमधला माल तसाच बसून गोठला. काम काही नाही. काकांच्या डब्यातली तर्री खाल्ली.

१८ जुलै
भाजायचं ठरवलं. हेमाटाइट चुंबकाला जवळजवळ जुमानत नाही, मॅग्नेटाइट साध्या चुंबकाला उडी मारून चिकटतं. दोघांत फरक थोड्या ऑक्सिजनचा. हेमाटाइट साधारण ६०० अंशांना हायड्रोजन किंवा कार्बन मोनॉक्साइडमध्ये ठेवलं की तेवढा ऑक्सिजन निघतो आणि मॅग्नेटाइट बनतं. यात शोध लागला असं काही नाही, पाठ्यपुस्तकातलं आहे. नवं जे म्हणतात ते भट्टीचं. चीनमध्ये बारीक चुरा गरम वायूत तरंगवून काही क्षणांत भाजायची संयंत्रं उभी राहिली. आधीच्या ढेकळं भाजणाऱ्या भट्ट्यांत बाहेरून करपलेलं आणि आतून कच्चं निघायचं. आपल्याकडे हातभर लांबीची फिरती नळीची भट्टी आहे, तिच्यावर निभवायचं.

एक फुकटचा फायदा मला फार आवडतो. गारेचं स्फटिक ५७३ अंशांना रूप बदलतं आणि एकदम फुगतं. हेमाटाइट तसं फुगत नाही. म्हणजे ६०० अंशांपर्यंत नेलं की दोघांच्या सांध्यात आपोआप तडे. मिलचं अर्धं काम आगीनं केलेलं असतं.

तोटाही लिहून ठेवते. भाजायला सगळा दगड तापवावा लागतो, त्यातली जवळपास अर्धी गारच. एक टन दगड ६०० अंशांवर न्यायला हिशेबानं दीडशे युनिटांच्या आसपास उष्णता लागते. त्यातली परत किती मिळवता येते त्यावर सगळा व्यवहार. हे आपल्या नळीत कळणार नाही.

२३ जुलै
घोळ. माझाच.

५ टक्के हायड्रोजन, बाकी नायट्रोजन, असा मिश्र सिलिंडर. ४० मिनिटं ६०० अंशांवर छान गेली. मग थंड होईपर्यंत नुसता नायट्रोजन सोडायचा. त्या सिलिंडरचा काटा मी सकाळी पाहिला नव्हता. भट्टी लाल असतानाच तो संपला, टोकाची बूच ढिली होती, हवा आत शिरली.

काकांनी नमुन्याची बोट, म्हणजे नावेसारखं छोटं भांडं, बाहेर काढली. ‘‘मॅडम, हे तं लालच दिसते ना जी.’’

काळं निघायला हवं होतं. एवढ्या तापमानाला हवा लागली की मॅग्नेटाइट परत हेमाटाइट होतं, आपण फक्त वीज जाळली. मजा म्हणजे आतला भाग काळा होता. चुंबक फिरवलं तर बराच चुरा चिकटला, आणि रंग पाहिला नसता तर मी ‘कमी रिकव्हरी, वेळ वाढवावा’ असं लिहून मोकळी झाले असते. खरं कारण लिहून ठेवलंय : काटा पाहिला नाही.

आता भिंतीवर पाटी लावली आहे. ट्रेनीनं लिहिली, अक्षर सुंदर आहे.

३० जुलै
तीन तापमानं, तीन वेळा. वजन हाच पहिला साक्षीदार. या नमुन्यातलं सगळं हेमाटाइट मॅग्नेटाइट झालं तर शंभर ग्रॅममागे १.८ ग्रॅम घटायला हवेत, ओलावा वगळून.

५०० अंश, ४० मिनिटं : घट १.१. कच्चं.
६०० अंश : १.७, १.८, १.८.
७०० अंश : २.६. करपलं.

करपलं म्हणजे मॅग्नेटाइटच्या पुढे जाऊन वुस्टाइट (अजून कमी ऑक्सिजनचं लोह-ऑक्साइड) व्हायला लागलं, आणि ते पुन्हा चुंबकाला ओळखत नाही. भाकरीसारखंच, कच्ची चालत नाही, जळलेली चालत नाही. फरक इतकाच की भाकरी डोळ्यांना कळते. इथे दोन्ही काळंच दिसतं, तराजू नसता तर कळलं नसतं.

६०० अंशांचा माल दळला. ४५ मायक्रॉनला यायला न भाजलेल्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त वेळ लागला. डेव्हिस ट्यूबमध्ये, म्हणजे पाण्यात चुंबकानं माल वेगळा करणाऱ्या नळीत, घातला. भाजलेल्या मालात लोह ३८.१ (ऑक्सिजन गेल्यामुळे वाढलेलं), कॉन्सन्ट्रेट ६६.१, टेलिंग ८.३. रिकव्हरी साडेएकोणनव्वद.

२१.५वरून ८.३. रात्री उशिरा घरी गेले.

६ ऑगस्ट
आता वायूचा प्रश्न. लॅबमध्ये सिलिंडर ठीक, खाणीवर कोण हायड्रोजन आणणार? उमरेडचा कोळसा जवळ आहे, पण ६०० अंशांना नुसत्या कोळशातून पुरेसा कार्बन मोनॉक्साइड सुटत नाही, त्याला आठशे-नऊशेची धग लागते. वायू वेगळा बनवून आणावा लागेल.

चहाच्या वेळी काका म्हणाले, ‘‘तूस टाकून पाहा ना जी.’’ ते तुमसरकडचे. भंडारा-गोंदियात राइस मिलच्या मागे तुसाचे डोंगर असतात. ‘‘आमच्याइकडे तुसाच्या ढिगाले आग लागली ना, तं वरून काहीच दिसत नाही. आठ-आठ दिस आतल्या आत जळत राहते.’’

आतल्या आत जळणं म्हणजे हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे नेमका आपल्याला हवा तो वायू. काकांनी रसायनशास्त्र शिकलेलं नाही, पण ढीग पाहिलेला आहे.

अडचण एकच, तुसाची राख. वजनाच्या जवळपास पाचवा हिस्सा राख, आणि ती बहुतेक सगळी सिलिकाच. म्हणजे ज्या चोराला घराबाहेर काढतोय त्यालाच मागच्या दारानं आत घ्यायचं. म्हणून तूस दगडात मिसळायचा नाही. वेगळ्या डब्यात तापवायचा आणि फक्त वायू नळीनं भट्टीत सोडायचा.

९ ऑगस्ट
वायू सुटला, ५५ मिनिटं चाललं, मग दाब वाढला आणि जोडाची रबरी नळी उडाली. आत डांबर. मधासारखं, काळं, घट्ट, वासानं डोकं धरलं. तुसातून वायूबरोबर डांबराची वाफही येते आणि थंड नळीत जाऊन बसते, हे मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. नळी लहान आहे म्हणून चालून जाईल असं वाटलं.

नळी साफ करायला केरोसीन, तार आणि दोन तास. ट्रेनी घरी जाताना ‘केसाला होळीचा वास येतोय’ म्हणाली.

२० ऑगस्ट
नळीला गरम पट्टी गुंडाळली, डांबर आता वाटेत न बसता भट्टीपर्यंत जातं आणि तिथे गरम खनिजावर फुटून त्याचाही वायूच होतो. निदान बराचसा. नळीचा एक कोपर अजून तुंबतो.

६२० अंश, ५० मिनिटं. वजनाची घट १.९. कॉन्सन्ट्रेट ६५.७, टेलिंग ९.०. सिलिंडरच्या हायड्रोजनपेक्षा कणभर कमी, खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. ग्राहकाच्या माणसाला फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, सदुसष्ट होईल का? स्वीडनच्या ल्युलेओमध्ये २०२१ साली हायड्रोजनवर स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता काढलेलं लोखंड, बनवून दाखवल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात ६७ बसलंय, कारण तसल्या भट्टीत गार वितळून वेगळी होत नाही, ती पोलादाच्या भट्टीपर्यंत सोबत येते. म्हटलं, अजून बारीक दळून एक फ्लोटेशन दिलं तर होईल. स्लाइम किती निघेल हे त्यांनी विचारलं नाही.

८ सप्टेंबर, डिचोली
चवथीला घरी. काल माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची मांडणी) बांधताना बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा स्वतःचा ट्रक होता, खाण ते जेटी. चीनला ५८ टक्क्यांच्या खालचा मालही हवा होता, त्या वर्षांत गोव्यातून वर्षाला ४ कोटी टनांहून जास्त खनिज बाहेर जायचं आणि रस्त्यात ट्रकामागे ट्रक. २०१२ला सगळं थांबलं तेव्हा ट्रकाचे हप्ते बाकी होते. मग २० दशलक्ष टनांची मर्यादा घालून सुरू झालं, २०१८ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, पुन्हा बंद. यंदा एप्रिलमध्ये इथला ब्लॉक चालू झाला आहे. बाबा आता ट्रक चालवत नाहीत, पण कुठल्या गाडीचा आवाज भरलेला आणि कुठल्या रिकाम्या गाडीचा हे अंगणातून सांगतात.

मी टेलिंगचा आकडा सांगितला, ८.३. मला वाटलं खूश होतील.

‘‘ते किती बारीक?’’
‘‘पंचेचाळीस मायक्रॉन. पिठाहून बारीक.’’
‘‘आणि ठेवणार कुठं?’’
‘‘बांध घालून तळं. पाणी परत वापरायचं.’’
‘‘आमचं पण तळंच होतं गो. पावसात बांधाला काय होतं ते मुळगावच्या शेतात जाऊन बघ.’’

शेतात उतरलेला तो लाल चिखल मी पाहिलेला आहे. सुकला की त्याला तडे जातात, पण खालचं भात परत वर येत नाही. उत्तर दिलं नाही. आईनं पातोळ्या आणल्या, विषय तिथेच राहिला.

२४ सप्टेंबर
दुसरं खनिज आलं. ओडिशातल्या जाजपूर जिल्ह्यातलं, सुकिंदाच्या खोऱ्यातलं. क्रोमाइट काढताना वरची जी पिवळी-तपकिरी माती बाजूला टाकतात ती. दोन पिंप, चिकट, ओली, हाताला हळदीसारखी लागते. पूर्ण सुकवल्यावर वजन ३० टक्क्यांनी घटलं.

भारतात निकेलच्या खनिजाचा जो साठा मोजला आहे, सुमारे १८.९ कोटी टन, त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त ओडिशात. आणि त्यातून आजवर व्यापारी पातळीवर निकेल काढलेलं नाही. देशात निकेल बनवणारा कारखाना आहे तो गोव्यात, कुंकळ्ळीला. डिसेंबर २०२१मध्ये वेदांतनं विकत घेतला. पण तो इथल्या खाणीतल्या खनिजावर चालत नाही. सुकिंदाची माती मात्र खणून झालेली आहे, ढीग लावून झालेले आहेत, खाणकामाचा खर्च क्रोमाइटच्या खात्यात पडलेला आहे. कागदावर हे फार गोड दिसतं.

निकेल ०.७८ टक्के, कोबाल्ट ०.०५, लोह ४७, क्रोमियम ऑक्साइड ३.१.

निकेलची चाचणी डायमिथाइलग्लायऑक्झाइमनं केली, लोह आधी टार्टारिक आम्लानं बांधून ठेवून. अमोनिया घालताच कुंकवासारखा लालभडक साका. लॅबमधली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच, ट्रेनीनं फोटो काढला.

७ ऑक्टोबर
एक्सआरडी, म्हणजे कोणती खनिजं आहेत ते सांगणारी क्ष-किरण चाचणी, आली. गोथाइट (पाणी धरून बसलेलं लोहखनिज), थोडं हेमाटाइट, क्रोमाइट, गार. निकेलचं स्वतःचं असं खनिज दिसत नाही, आणि दिसणारही नव्हतं. निकेल गोथाइटच्या जाळीत लोहाच्या जागी जाऊन बसलेलं आहे. बीएचक्यूमध्ये गार आणि लोखंड शेजारी राहतात, भिंत पाडली की वेगळे. इथे निकेल पिठात कालवलेल्या मिठासारखं. कितीही दळा, कण वेगळा निघत नाही. चाळणी, चुंबक, फेस, सगळं निकामी. रसायनच लागणार.

जगात दोन वाटा. एक, जाड टायटेनियम अस्तराच्या बंद भांड्यात २५० अंशांना, चाळीसहून अधिक वातावरणं दाबाखाली, गंधकाम्लानं विरघळवायचं. क्यूबात मोआला १९५९पासून चालू आहे. ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकाअखेर तीन प्रकल्प एकदम उभे राहिले, त्यातले दोन तरले नाहीत. आता इंडोनेशियात धडाधड चालतात, आणि जगातलं अर्ध्याहून जास्त खाणीतलं निकेल आज तिथलंच. पण टनामागे दोन-चारशे किलो आम्ल आणि आणलेल्या मातीहून जास्त वजनाचा गाळ.

दुसरी वाट डच प्राध्यापक कॅरन यांची, शंभर वर्षांपूर्वीची. खनिज आधी भाजायचं, निकेलचं धातूत रूपांतर करायचं, मग अमोनियाच्या पाण्यात विरघळवायचं. क्यूबातच निकारोला १९४०च्या दशकात याचा पहिला कारखाना, क्वीन्सलँडमधला याबुलू २०१६ला बंद पडला. आज ही पद्धत नव्यानं कुणी उभारत नाही, सुकवण्या-भाजण्याचं इंधन परवडत नाही म्हणून.

आमच्याकडे मात्र भट्टी आहे, तूस आहे, आणि तुंबणारा कोपर आहे. दुसरी वाट घेतली.

२१ ऑक्टोबर
पहिले तीन फेरे. ३०० अंशांच्या आसपास गोथाइटमधलं पाणी सुटतं, नळीच्या टोकाला थेंब धरले. मग वर.

८०० अंश : निकेल ४१ टक्केच विरघळलं. मला उलटं वाटलं होतं, जास्त ताप तर जास्त धातू. पण लोहही धातू होतं, निकेल त्याच्यात मिसळून मिश्रधातू बनतो, आणि चुरा सांधला जाऊन अमोनिया आत शिरत नाही.
६०० अंश : ५३.
७०० अंश : ६६.

पुन्हा तीच अरुंद पायवाट. बीएचक्यूमध्ये मॅग्नेटाइटपाशी थांबायचं होतं, इथे त्याहून थोडं पुढे जायचं, पण सगळं लोखंड होऊ द्यायचं नाही.

मार्च २०२२मध्ये लंडनच्या बाजारात निकेल एका सकाळी टनाला एक लाख डॉलरवर गेलं आणि व्यवहार थांबवावे लागले. त्या आठवड्यात ज्यांनी प्रकल्पाचे अहवाल लिहिले असतील त्यांची मला गंमत वाटते. आज भाव त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर.

१२ नोव्हेंबर
दिवाळीनंतर काका उशिरा आले, चिवडा घेऊन. ट्रेनीचा प्रोबेशन संपला, आता तिला ट्रेनी म्हणायचं नाही असं तिनं सांगितलं.

७०० अंश, तुसाचा वायू थोडा पातळ करून, ७० मिनिटं. निकेल ७२ टक्के, कोबाल्ट ४४. तीनदा केलं, ७१ ते ७३मध्येच. द्रावण निळसर, नीलकंठाच्या पंखासारखं. लॅबभर अमोनिया, हुडचा पंखा म्हातारा झालाय, डोळ्यांतून पाणी.

हिशेब मात्र कोरडा. ०.७८ टक्क्यांचे ७२ टक्के म्हणजे टनामागे ५.६ किलो निकेल. एक टन निकेलला १७९ टन सुकी माती. आजच्या भावानं एका टन मातीतलं निकेल सुमारे ७,३०० रुपयांचं, आणि त्यात ती माती सुकवायची, भाजायची, अमोनिया परत मिळवायचा, कोबाल्ट वेगळं करायचं. मी अहवालात ‘व्यवहार्य’ हा शब्द लिहिणार नाही.

२६ नोव्हेंबर
ज्या कल्पनेवर दोन्ही कामं एकत्र घेतली होती ती आज तपासली. निकेल काढून उरलेला चुरा काळा, चुंबकाला चिकटणारा, लोह साडेचौपन्न टक्के. म्हणजे एकाच भट्टीतून निकेलही आणि लोखंडाचं खनिजही, टाकाऊ काहीच नाही. मीच एप्रिलमध्ये प्रस्तावात हे वाक्य लिहिलं होतं.

चुंबकावरून फिरवला. लोह ५८पर्यंत चढलं, क्रोमियम ऑक्साइड साडेतीनच्या खाली उतरेना. क्रोमाइटचे सुटे कण निघाले, पण थोडं क्रोमियम लोहाच्याच कणात बसलेलं आहे, निकेल बसलं होतं तसंच. साध्या पोलादवाल्याला हे चालणार नाही. स्टेनलेसवाला घेईल कदाचित, पण त्याला अ‍ॅल्युमिना खटकेल. प्रस्तावातलं वाक्य खोडलं.

एक चांगलं निघालं. सुकिंदात दमसाला नाल्याच्या पाण्यातलं विषारी सहा-संयुजी क्रोमियम हा जुना, गाजलेला प्रश्न आहे. ते तिथे फेरस सल्फेट घालून निष्क्रिय करतात. आपण भाजताना हवा नाही, वायू क्षपणाचा, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणारा, म्हणून क्रोमियम तीन-संयुजीच राहायला हवं. उरलेला चुरा पाण्यात २४ तास ढवळून पाहिला, सहा-संयुजी सापडलं नाही. एका नमुन्यावर जास्त बोलणार नाही. आणि २३ जुलैसारखी हवा शिरली तर काय, तेही करून पाहायला हवं.

९ डिसेंबर
बाबांचा प्रश्न. कुणी मागितलेली चाचणी नाही, पत्रकात नाही, तरी केली.

एक लिटरचे चार सिलिंडर, खिडकीत ओळीनं. पहिला, जुलैतल्या फ्लोटेशनचं टेलिंग. दुसरा, भाजून चुंबक फिरवल्यावरचं टेलिंग, ४५ मायक्रॉन. तिसरा, तेच पण ६७ टक्क्यांसाठी अजून बारीक दळलेलं. चौथा, निकेलचा उरलेला चुरा.

दुसरा अर्ध्या तासात वरून नितळ, खाली पांढरट करडा गाळ, बोट लावलं तर वाळूसारखा. चौथा चुंबकानं खाली ओढला तर मिनिटांत. पहिला संध्याकाळपर्यंत लाल ढगाळ. तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुधाळ. शेवटचा एक टक्का चढवायचा तर त्याची किंमत या तिसऱ्या सिलिंडरात आहे. फोटो काढला, अहवालात लावणार, ६७च्या परिच्छेदाच्या शेजारी.

बाबांनाही पाठवला. त्यांचा उलट मेसेज : ‘दुसरा बरा. हलवून बघ.’

हलवला. परत बसायला ३५ मिनिटं.

१८ डिसेंबर
ग्राहकाची बैठक, तीन तास. बीएचक्यूला पुढची पायरी मंजूर, पाच टन नमुना आणि तासाला पन्नास किलोची भट्टी, बाहेरची भाड्यानं. ६५.७ वर थांबायचं की ६७ ला जायचं यावर एकमत झालं नाही. पेलेट, म्हणजे भट्टीसाठीच्या गोळ्या, बनवताना मॅग्नेटाइट पुन्हा हवेत तापतं आणि स्वतःच उष्णता सोडतं, तो फायदा ६५.७ लाही मिळतो, हे मी दोनदा सांगितलं. निकेलचं काम मार्चपर्यंत ‘थांबवून ठेवलेलं’. पिंपांवर झाकण, तारीख, आणि ‘फेकू नये’ असं मोठ्या अक्षरांत.

कामं : तुसाची चाळीस पोती तुमसरहून, काका भाव करणार. कोपराच्या जागी सरळ नळी. नायट्रोजनचे दोन सिलिंडर जास्त. हुडचा पंखा. पाऱ्याचा कॅन, फोन अजून केलेला नाही.